कर्नलच्या जीपचे ब्रेक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आयुष्यात कधी सैन्यात नव्हते. पाणीपुरवठ्याच्या गोदामात ते एकतीस वर्षं नळाच्या तोट्या सांभाळत बसले होते. तरी आमच्या गल्लीत त्यांना कर्नल म्हणतात, आणि त्यातली थट्टा न कळणारे एकटे तेच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातून सैन्याची एक जुनी जीप आणली. तोवर हा माणूस निदान निरुपद्रवी तरी होता. जीप आली आणि अंगात आल्यासारखं झालं. हिरवी टोपी आली, सहा खिशांची विजार आली. चालताना छाती पुढे आणि पोट तिच्याही पुढे. बोनेटवर पांढरा आकडा काढण्यात त्यांनी तीन दिवस घालवले. चाकांच्या आत काय उरलंय, हे मात्र एकदाही वाकून पाहिलं नाही. वाकणं त्यांना जमतही नसे म्हणा.

माझं दुकान ब्रेकचं. चाकाचा ड्रम आतून दाबून गाडी थांबवणाऱ्या जुन्या शूंवर नवे लायनर, म्हणजे घासपट्ट्या, बसवायचे, ड्रम तासून द्यायचे, हाच माझा धंदा. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "दाजी, गाडी किती वर्षं उभी होती देव जाणे. ब्रेक मुळापासून उघडावे लागतील. दुकानात आणा."

"मेव्हणे," ते म्हणाले, "सैन्याची गाडी आहे ही. गॅरेजवाल्यांचं काम नव्हे."

मग पंधरा दिवस अंगणात तमाशा चालला. ड्रम निघेना म्हणून घण घातला आणि एकाची कड उडवली. शूची स्प्रिंग अशी सुटली की शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरीला भोक पडलं. रद्दीतून मिळवलेलं एक पुस्तक समोर उघडं असायचं, त्यातली हँडब्रेकची पानं फाटलेली. म्हणून हँडब्रेकला त्यांनी हात लावला नाही, आणि म्हणूनच तो शाबूत राहिला.

हे सगळं धरायला ताई. ती शाळेत गणित शिकवायची. घरी येऊन पिशवी ठेवते न ठेवते तोच हाक यायची, "जरा हे धर." मग तिनं स्प्रिंग धरायची, पाना धरायचा, पॅडल दाबून ठेवायचं. काही बिघडलं की ठरलेलं वाक्य, "तू नीट धरलं नाहीस." ती पुन्हा धरायची. मला तिचाही राग यायचा.

कड उडालेला ड्रम ताईनं माझ्याकडे तासायला आणून दिला होता. तो परत द्यायला गेलो, तेव्हा दाजी पॅडलखालच्या मास्टर सिलिंडरमध्ये तेल ओतत होते. इथूनच चारही चाकांना दाब जातो. हातात डबा होता इंजिन ऑइलचा. ब्रेकचं ऑइल निराळं असतं, हे माझ्याकडे लायनर न्यायला येणारा रिक्षावालाही सांगेल. इंजिनचं ऑइल गेलं की आतली रबरं फुगतात, मऊ पडतात, आणि काही दिवसांत ब्रेक कधी दगा देईल याचा नेम नाही. दाजींच्या लेखी मात्र तेल म्हणजे तेल.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, "बघा मेव्हणे. शिकून घ्या."

मी तोंड मिटलं. म्हटलं, शिकतो. घुसू दे कुठल्या तरी कुंपणात. एकदा गल्लीसमोर नाक कापलं गेलं की टोपी उतरेल. मी ड्रम ठेवला आणि घरी आलो. त्या दिवशी मला जेवण छान गेलं.

त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी दाजींनी ताईला शेजारी बसवलं आणि पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर 'पाहणी'ला नेलं. उतरताना ब्रेक दाबला. पॅडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"ब्रेक! ब्रेक!" ते ओरडले. कुणाला हुकूम देत होते, त्यांनाच ठाऊक. जीपला दारं नव्हती. कर्नलनी स्टिअरिंग सोडलं आणि टोपीसकट बाहेर उडी टाकली, थेट झुडपात.

जीपमध्ये ताई एकटी. तिनं एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हातानं हँडब्रेक सगळा जीव लावून ओढला. तो तारेवर चालणारा, तेलाशी त्याचा संबंध नाही. गाडी आडवी फिरली, शाळेच्या भिंतीला घासत गेली आणि थांबली. ताईचं मनगट मोडलं. कपाळाला सात टाके पडले.

दवाखान्यात दाजी नर्सबाईंना सांगत होते, "मी उडी मारली ती चाकाखाली दगड लावायला." त्यांच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

ते औषधं आणायला गेले तेव्हा मी खाटेजवळ बसलो. दाजींच्या नावानं काय काय बोलायचं, ते मनात तयारच होतं.

"ब्रेक कशानं गेला रे?" ताईनं विचारलं.

"इंजिन ऑइल घातलं होतं त्यांनी."

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. नाही आलं. "घालताना पाहिलं."

ती म्हणाली, "त्यांना कळत नव्हतं. तुला कळत होतं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

प्लास्टर निघाल्यावर ती दुकानात आली. हातातल्या बादलीत जीपच्या चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर होते.

"ताई, मी करून देतो सगळं."

"करून नकोय. दाखव."

पाच शनिवार लागले. फुगलेली रबरं तिनं चिमट्यानं ओढून काढली, ती मशरूमसारखी झाली होती. पाइप स्पिरिटनं धुतले, सगळी रबरं नवी घातली, शूंना लायनर चढवले. मी तासलेला एक ड्रम तिनं मोजला आणि समोर ठेवला. "लंबगोल आहे. पुन्हा तास." खरंच होता. शेवटी ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा काढताना पॅडलवर मला बसवलं आणि स्वतः चाकाशी बसली. "दाब. धर. सोड." याखेरीज ती माझ्याशी एक शब्द जास्त बोलली नाही.

त्याच टेकडीवर तिनं गाडी नेली. "शेजारी बस," म्हणाली. मी बसलो. उतार लागला तसे माझे तळपाय आपोआप फळीला रुतले. अर्ध्या उतारावर तिनं ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत जागच्या जागी थांबली. तिनं हे तीनदा केलं.

"उतर आता," ती म्हणाली. "पुढे मी एकटी जाते."

मी चालत खाली आलो. फाटकाशी दाजी टोपी घालून उभे होते आणि शेजारच्या शिंप्याला सांगत होते, "मी सांगत गेलो, हे दोघं करत गेले." शिंप्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला. एरवी मी हसलो असतो. त्या माणसाची किळस मला आजही येते, तिळभरही कमी नाही. पण तिथं उभं राहून त्यांना काही सुनवायला मला तोंड नव्हतं. मी मान खाली घातली आणि दुकान उघडायला गेलो.