अनोळखी नावावर थांबलेली उचकी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसलेही आहे. तोच घाट, तीच पांढरी साडी, मागे वळून पाहिलं तर कोणी नाही... मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दिवसभर लोक मला सांगत असतात, "अगं, ते आपोआप झालं", आणि माझा पगार त्यांना हे सांगण्यासाठी असतो की आपोआप काही होत नसतं. मी कधी कुणाची दृष्ट काढली नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देते आणि पुढे जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय. पण हे घडलं ते माझ्याच बाबतीत, भर दुपारी, घरभर बायकांसमोर. नाही म्हणू कसं?

गेल्या वर्षीची, म्हणजे २००७ ची गोष्ट. आम्ही नेपरव्हिलला राहतो, शिकागोच्या पश्चिमेला. मी मूळची नागपूरची, नवरा अविनाश पुण्याचा, आणि आमची एकुलती एक मुलगी गौरी. तिचं कॉलेज संपलं तेव्हा आमच्या डोक्यात मेडिकल स्कूल होतं. तिच्या डोक्यात आफ्रिका होती. एका संस्थेतर्फे वर्षभर मलावीत जायचं, तिथल्या गावांमधल्या तरुण मुलींच्या नेटबॉलच्या टीम बांधायच्या, आणि खेळ झाला की त्यांच्याशी शाळा न सोडण्याबद्दल, स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलायचं. पगार नाही. मी चिडले, रडले, अबोला धरला. ती शांतपणे बॅग भरत राहिली. या बाबतीत ती थेट माझ्यावर गेलीय.

ती गेली २००६ च्या सप्टेंबरात. दर रविवारी फोन यायचा, कधी नीट, कधी नुसती खरखर. "मॉम, आय ॲम फाइन, स्टॉप वरीइंग." आठवीपासून ती मला आई म्हणत नाही, मॉमच म्हणते. मीही नाद सोडलाय.

तर तो फेब्रुवारीतला शनिवार. आमच्या मैत्रिणीकडे, सुलभाकडे, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. रथसप्तमी केव्हाच उलटून गेली होती, पण इथे सण कॅलेंडरप्रमाणे नाही, मोकळ्या वीकेंडप्रमाणे येतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत आम्ही सगळ्या काळ्या साड्यांमध्ये. दाराशी स्नो बूट्सचा हा ढीग. सुलभाच्या सासूबाई, कुसुमकाकू, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी मला धरलंच.

"गौरी दिसत नाही गं?"

"आफ्रिकेत आहे, काकू."

"आफ्रिकेत? तिथे कुठलं शिक्षण?"

"शिकायला नाही, शिकवायला गेलीय."

"अगंबाई! आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

मला हसू आलं, तोंडात तिळाची वडी होती, आणि उचकी लागली.

आधी साधीच होती. पाणी प्यायले. साखर खाल्ली. श्वास रोखून धरला. सुलभाने मागून येऊन "भॉ" केलं, त्याने माझ्या हातातलं वाण सांडलं, उचकी तशीच. पंधरा-वीस मिनिटं झाली, मग अर्धा तास. छाती दुखायला लागली, डोळ्यांतून पाणी. सगळ्या आधी हसत होत्या, मग हळूहळू कमी हसायला लागल्या.

कुसुमकाकू म्हणाल्या, "अगं, कोणीतरी सारखी आठवण काढतंय. नावं घे. बरोबर नाव आलं की थांबेल."

आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत असतंच. मी लहानपणीही त्याला हसायचे. पण त्या दुपारी उचकीने इतकी बेजार झाले होते की म्हटलं, चला, हेही करू. आईचं नाव घेतलं. उचकी. सासूबाईंचं. उचकी. भावाचं, वहिनीचं. कोणीतरी म्हणालं, "अविनाशचं घे, उखाण्यात घे!" तेही केलं, सगळ्या खिदळल्या. उचकी. मग मी म्हटलं, "गौरी." माझी खात्री होती. मोठ्ठी उचकी आली.

"बघ," सुलभा म्हणाली, "लेकीला वेळ नाहीये यार तुझी आठवण काढायला!"

मी हसायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडला — "चिसोमो."

उचकी थांबली. हळूहळू कमी झाली असं नाही. कचकन थांबली.

मी हा शब्द त्याआधी कधी ऐकला नव्हता. नाव आहे, गाव आहे की खायचा पदार्थ, तेही मला ठाऊक नव्हतं. सुलभाने विचारलं, "ही कोण? ऑफिसमधली चायनीज मुलगी का?" मी तोच शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहिला. आणि एकदम, कुठलंही कारण नसताना, मला कळलं की गौरीला काहीतरी झालंय. वाटलं नाही, कळलं. मी इतकी घाबरले होते की हातातला कप खाली ठेवायचंही सुचेना.

गौरीचा मोबाइल लावला. लागला नाही. त्यात नवल नव्हतं, आठवड्यातून चार दिवस तो लागायचाच नाही. अविनाशला फोन केला. तो ड्राइव्हवेमधलं बर्फ काढत होता.

"फ्रिजवर संस्थेचा इमर्जन्सी नंबर लावलाय, तो वाच," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"मला उचकी लागली होती."

पलीकडे फावडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "तू ठीक आहेस ना?"

"अविनाश, नंबर वाच!"

बिचाऱ्याने वाचला.

सुलभाच्या बेडरूममध्ये, सगळ्यांच्या कोटांच्या ढिगावर बसून मी फोन लावला. शनिवारी ड्यूटीवर असलेली बाई गोड बोलणारी होती. तिने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "मॅम, सगळे व्हॉलंटियर्स वीकेंडला शहरात गेलेत. युअर डॉटर इज विथ देम."

"ती चिसोमो नावाच्या कुणाबरोबर आहे का?"

"ते तिथलं फार कॉमन नाव आहे, मॅम. का बरं?"

म्हणजे ते नाव होतं. माणसाचं नाव होतं, आणि तिथलंच होतं.

आता या बाईला काय सांगणार? उचकीचं सांगितलं असतं तर तिने मलाच डॉक्टर गाठून दिला असता. म्हणून मी चक्क खोटं बोलले. म्हटलं, गौरीचा आत्ता फोन आला होता, ती आजारी आहे, चिसोमोकडे आहे एवढंच म्हणाली आणि लाइन कट झाली. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. बाईचा आवाज बदलला. म्हणाली, मी तिथल्या कोऑर्डिनेटरला लगेच गाठते.

थोड्या वेळाने तिचा परत फोन आला. गौरी शहरात गेलीच नव्हती. बाकीच्यांना वाटलं होतं, आपण मागे राहतोय हे तिने ऑफिसला कळवलंय, ऑफिसला वाटलं होतं ती बाकीच्यांबरोबर आहे. सोमवारपर्यंत तिला कुणी शोधलंही नसतं. कोऑर्डिनेटर म्हणाला होता, आपल्या प्रोजेक्टमध्ये चिसोमो एकच आहे, आतल्या एका गावातल्या नेटबॉल टीमची नवी कॅप्टन. तिकडे पावसाळा होता. त्या गावाचा रस्ता ओढ्याने तोडलेला, टॉवर बंद, फोन नाही. तरी तो पिकअप घेऊन निघाला होता.

ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

रविवारी सकाळी फोन आला. गौरी सापडली होती. चिसोमोच्याच घरात, चटईवर, तापाने बेशुद्ध. मलेरिया, डोक्यात गेलेला. ओढ्यापासून पुढे कोऑर्डिनेटर चालत गेला, गावकऱ्यांनी तिला खाटेवरून पाण्यातून पार नेलं आणि मग हॉस्पिटल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आणखी एक दिवस गेला असता तर ती हाती लागली नसती. अविनाशने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा नवरा मला घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

माझा पासपोर्ट नेमका रिन्यूअलला गेला होता, म्हणून अविनाश एकटाच गेला. तिला घेऊन आला तेव्हा मार्च उजाडला होता. विमानतळावर गौरी व्हीलचेअरमधून आली. केस कापलेले, गालफडं वर आलेली. मी तिला जवळ घेतलं आणि सगळ्या लोकांसमोर मोठ्याने रडले.

चार दिवस तिला काही विचारलं नाही. मग एकदा किचनमध्ये ती वरणभात खात असताना म्हटलं, "चिसोमो कशी आहे गं?"

तिचा चमचा थांबला. "डॅडने सांगितलं नाव?"

"नाही. मला आधीच माहीत होतं."

"मॉम, दॅट्स नॉट पॉसिबल. मी तिला शुक्रवारी भेटले. फर्स्ट टाइम. त्याआधी मला पण नाव माहीत नव्हतं."

आमचा शेवटचा फोन त्याआधीच्या रविवारी झाला होता. मी टेबलाशी बसलेच. मग तिला सगळं सांगितलं, हळदीकुंकवापासून. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ओह माय गॉड... मॉम, आय टोल्ड देम."

शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या मुली चिसोमोच्या अंगणात जेवत होत्या. चिसोमो बावीस-तेवीस वर्षांची, तिला एक तान्हं बाळ. त्या बाळाला उचकी लागली आणि गौरी हसत म्हणाली, आमच्याकडे म्हणतात, कोणी मनापासून आठवण काढली की उचकी लागते. मुलींना भारी मजा वाटली. मग खेळच सुरू झाला, कोण कुणाची आठवण काढतंय. आणि दुसऱ्या दिवशी, मॅच व्हायच्या आधीच, गौरी मैदानात कोसळली. पुढचं तिला काही आठवत नाही.

पुढे तिकडचा टॉवर सुरू झाला, कोऑर्डिनेटरने आपला मोबाइल चिसोमोपर्यंत नेला, तेव्हा आमचं बोलणं झालं. कॉलिंग कार्डावरचा फोन, स्पीकरवर टाकलेला, आम्ही तिघं किचनमध्ये. तिचं इंग्रजी शाळेत शिकलेलं, सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत बोलणारं. मी आधी आभार मानले. ते ती ऐकूनच घेईना. मग मी विचारलं, शनिवारी काय झालं ते मला सांग.

ती म्हणाली, "तुमची मुलगी सारखी एकच हाक मारत होती. 'आई, आई.' मला शब्द कळत नव्हता. पण आजारी माणूस आणखी कुणाला हाक मारणार? माणूस पाठवला, तो ओढ्यावरून परत आला. रात्र झाली. मग तिने हाक मारणंही थांबवलं. तेव्हा मी घाबरले. म्हटलं, आता हिच्या आईला मीच बोलवायला पाहिजे."

अविनाश उठून खिडकीशी गेला.

"पण मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या माणसाची आठवण कशी काढायची? मग मी तुमच्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत बसले. मनात तो चेहरा थोडा म्हातारा केला. आणि त्या बाईची आठवण काढली."

गौरीने माझा हात धरला होता.

"आणि माझं नाव सांगत राहिले," चिसोमो म्हणाली. "सारखं सारखं. तुम्ही विचारणार कुणाला, हे तुम्हाला कळायला हवं ना."

मग तिने काळजीने विचारलं, "मी फार जोरात आठवण काढली होती. तुम्हाला खूप त्रास झाला का?"

मी नाही म्हणाले. पुढचं गौरीच बोलली.

अविनाश अजूनही योगायोग म्हणतो, पण आता वाद घालत नाही. उचकी योगायोगाने लागली असेल, मी लगेच मान्य करीन. ती आपोआप थांबली, तेही मान्य. पण ते नाव माझ्या तोंडात कुठून आलं? वर्षभर मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, ते कुठून यावं अशी एकही वाट मला सापडलेली नाही. आज गौरी वरच्या खोलीत झोपलीय, हे लिहिताना तिच्या खोकल्याचा आवाज येतोय. एवढं एकच मला नक्की सांगता येतं.