सुटलेल्या पट्ट्याचा ठेका

ऑर्फा लिंडग्रेनची पावलं अख्ख्या देशाने ऐकली होती. तिचा चेहरा मात्र गल्लीतला दूधवाला, चर्चमधली मंडळी आणि स्टुडिओच्या फाटकावरचा पहारेकरी एवढ्यांनाच ठाऊक.

ती मूळची अमेरिकेतल्या नेब्रास्काची. बाप सुतार, अतिशय देवभोळा. घरात नाचाचं नाव काढायची सोय नव्हती. ही पोर धान्याच्या कोठारात जाऊन फळ्यांवर टाचा आपटायची. वयात आल्यावर एका फिरत्या खेळमंडळीबरोबर निघाली आणि गावोगाव नाचत राहिली. ओमाहा शहरात भर खेळात तिच्या बुटाचा पट्टा सुटला, ती घसरून पडली आणि उजवा गुडघा जन्माचा अधू झाला. तरी ती लंगडत उठली, नाच पुरा केला आणि पडदा पडल्यावरच रडली. तेव्हापासून तिचा एक नेम होता. बुटाचा पट्टा दोनदा आवळायचा, डोळे मिटून म्हणायचं, "प्रभू, हे गुडघे तुझेच आहेत, सांभाळ," आणि मगच फळीवर पाय ठेवायचा.

पुढे बोलपट आले आणि फिरत्या मंडळ्या बसल्या. ज्या बोलपटांनी पोटावर पाय दिला त्यांच्याच दारात ऑर्फा कामाला गेली. चित्रपटात नट नाचतात तेव्हा सेटवर नुसतं गाणं वाजत असतं. पावलांचा आवाज मागाहून भरतात. अंधाऱ्या खोलीत समोर चित्र चालू करायचं, तळाला पत्रे ठोकलेले बूट घालायचे आणि फळीवर तीच पावलं चित्राबरोबर हुबेहूब टाकायची. कितीतरी देखण्या नट्यांच्या पायांत आवाज होता तो ऑर्फाचा. बाहेर मात्र बोलायचं नाही, असा स्टुडिओचा दंडक.

त्या वर्षी डॉरी वेल्मनचं चित्र चाललं होतं. डॉरी सात वर्षांची, पुढचा एक दात पडलेला, नाकावर वांगाचे ठिपके. तिचा फोटो किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या डब्यावरसुद्धा होता. तिला नाच ऑर्फानेच शिकवला. रोज पहिला धडा एकच.

"आधी काय?"

"आधी पट्टा, मग पाय!" डॉरी ओरडायची.

"आणि पट्टा न लावता जो नाचेल तो?"

"तो गाढव!"

शेवटचा नाच शेतावरच्या अंगणाचा होता. सेटवर खऱ्या कोंबड्या, खरी बदकं. नाच ऐन रंगात आला आणि एका बदकाने डॉरीचा बूट चोचीत धरून ओढला. पोरगी भेलकांडली. पण थांबली नाही! तिने बदकासारखे हात फडफडवले, फेंगड्या पायांनी चार उड्या मारल्या आणि पुन्हा बरोबर तालावर आली. दिग्दर्शक हार्कनेस हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला.

"हे असंच ठेवायचं! असं सोनं मागून मिळत नाही," तो म्हणाला.

ठेवलं खरं, पण आवाज भरायला ऑर्फा उभी राहिली तेव्हा त्या चार उड्या काही बसेनात. डॉरी उतरायची एकीकडे, ऑर्फाचं पाऊल दुसरीकडे. डॉरीला स्वतःला उभं करून पाहिलं, तर तिलाही तसं पुन्हा जमेना. त्यातच स्टुडिओतल्या शाळेची बाई घड्याळ दाखवत तिला घेऊन गेली. मुलांच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले.

आवाज टिपण्याच्या यंत्रावर बसणारा गस टिलफर्ड म्हणाला, "अगं ऑर्फा, त्या बदकालाच बोलावूया का?"

"बोलाव. तुझ्यापेक्षा त्याला ताल कळतो."

दोघं हसली, पण ऑर्फाचं हसू लगेच मावळलं. हार्कनेस दारात उभा होता.

"परवा पॅसाडेनाच्या थिएटरात चित्र लोकांपुढे लावून बघायचंय. उद्या दुपारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तो तुकडा कापतो," तो म्हणाला. मग जरा आवाज उतरवून, "ऑर्फा, वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या चित्राला एखादी तरुण मुलगी बघतोय. गुडघ्यांनाही कधीतरी विश्रांती हवीच की."

डॉरीला हे कळलं तेव्हा तिने जेवणाचं ताट सरकवलं. "बाकी सगळं मला कुणीतरी शिकवलंय. तेवढंच एक माझं होतं," म्हणाली.

ते वाक्य ऑर्फाच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन तिने गसला गळ घातली, "गाणं बंद कर. नुसतं चित्र दाखव. मी बूटसुद्धा घालत नाही."

ती खुर्चीवर हात जोडून बसली. तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजायची जन्माची सवय, तीही आज दाबली. चित्र पुन्हा पुन्हा फिरलं. आणि मग तिला दिसलं. पाय वर उचलला जात होता, पण बूट मागे रेंगाळत होता! टाच बुटातून निसटायची, आणि पाऊल टेकताना आधी बूट आपटायचा, मग त्यात पाय. एका पावलाचे दोन आवाज. आवळलेल्या पट्ट्याने ते या जन्मात निघाले नसते.

ती तडक शाळेच्या खोलीत गेली. डॉरी गणितं करत होती.

"डॉरी, त्या दिवशीचा बूट कुठाय?"

पोरीचा चेहरा पांढराफटक. तिने मेजाचा खण उघडला, पुस्तकांखालून बूट काढला. पट्ट्याचं भोक पार फाटलेलं.

"बदकाने ओढला तेव्हा तुटला. मी लपवला. तुम्ही मला गाढव म्हणाला असता." डॉरीला हुंदका फुटला.

ऑर्फाने तिला पोटाशी धरलं. "अगं वेडे! माझा पट्टा नुसता सुटला तर मी पडले होते. तुझा तुटला तरी तू नाचलीस. गाढव कोण मग?"

"तुम्ही?" डॉरीने डोळे पुसत विचारलं.

"मीच!"

दुपारी ऑर्फा फळीवर उभी राहिली. चित्र चालू झालं. नाच तिथवर आला की वाकून उजव्या बुटाचा पट्टा सोडायचा, असं तिने ठरवलं होतं. पण वाकली आणि हात पट्ट्यावरच अडला. ओमाहाची फळी डोळ्यांसमोर उभी राहिली.

"ऑर्फा, पट्टा!" गस काचेपलीकडून ओरडला.

"ठाऊक आहे! तू तुझं यंत्र बघ!"

पहिल्या खेपेला ती घसरली. भिंतीचा आधार मिळाला म्हणून वाचली. हार्कनेस म्हणाला, "पुरे, जाऊ दे."

"जाऊ द्यायला मी आलेले नाही," ऑर्फा म्हणाली. "पुन्हा लाव." आणि या वेळी तिने पट्टा सुरुवातीपासूनच सोडून ठेवला. प्रभूचं नाव घेतलं. तालावरची पावलं तिने बोटं बुटात रोवून, कशीबशी निभावून नेली, आणि त्या जागी बोटं सैल सोडली. फटक-टप्. फटक-टप्. चारही उड्या चित्रावर अशा बसल्या जशी कोंबडी अंड्यावर. गसने टोपी छताला फेकली.

पॅसाडेनाला थिएटर गच्च भरलं होतं. बदकाने बूट ओढला आणि पहिलं फटक-टप् वाजलं तसा एक म्हातारा खदखदून हसला. मग त्याची बायको, मग ती रांग, मग सगळं थिएटर. पुढचं गाणंसुद्धा कुणाला ऐकू गेलं नाही. दिवे लागले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हार्कनेसने डॉरीला खुर्चीवर उभं केलं. तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ओरडली, "उड्या माझ्या, पण आवाज ऑर्फाबाईंचा! त्या बघा, तिथे बसल्यात!"

"शू, शू!" करत स्टुडिओचा एक माणूस धावला. पण बाण सुटला होता. माना वळल्या. ऑर्फाच्या शेजारची बाई म्हणाली, "खरंच? तुमच्या पायांचा?"

ऑर्फाने हार्कनेसकडे पाहिलं. तो कपाळावर हात मारून हसत होता. "आता कसली लपवाछपवी? दाखव की! आणि सोमवारी नेहमीच्या वेळेला कामावर ये."

ऑर्फा उठली आणि दोन रांगांमधल्या वाटेत येऊन उभी राहिली. चर्चला घालायचे काळे बूट होते पायांत. ती खाली वाकली, उजवा पट्टा सोडला आणि सगळ्यांसमोर, उजेडात, नाचली.