आत्याची आकडी

धक्क्यावर गळ टाकणाऱ्यांत बाई एकच, आणि तिच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. इस्पितळाच्या धुलाईखात्यात ओल्या चादरींचे पिळे यंत्रातून ओढून काढण्यात तिची उमर गेली होती. सगळे तिला आत्या म्हणत. तिने लग्न केलं नाही. आईमागे धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, आणि त्याच भावाने आदल्या संध्याकाळी बायकोचे दोन दात पाडले होते.

भावजय मुलींना घेऊन आत्याच्या खोलीत आली. सकाळी तीच म्हणाली, "वन्सं, बाहेरून कुलूप घाला. घर बंद दिसू दे." सुट्टीच्या दिवशी आत्या धक्क्यावर दिसली नसती, तर भावाला संशय आला असता. म्हणून किल्ली कमरेला खोचून ती निघाली.

समुद्र खवळला होता. लाटा खडकांवर आपटून माणसाच्या उंचीच्या वर फुटत होत्या. पहिलाच मासा वर येताच आत्याने तो सोट्याने असा बडवला की शेजारचा म्हातारा पोस्टमन म्हणाला, "आत्या, मासा मेलाय. आता खडक फुटेल."

"तू तुझं बघ. तुझ्या गळाला शेवाळाशिवाय काही लागत नाही."

तेवढ्यात भाऊ आला. "किल्ली दे."

"कसली?"

"नाटकं नकोत, ताई. बायको माझी आहे."

"म्हणून तिचे दात पाडायचे? मी उभी आहे ना, माझे पाड."

त्याने खरंच तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. त्याने कमरेच्या किल्लीला हात घातला, तसा आत्याने सोटा त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कळवळून मागे सरकला, धक्क्याच्या ओल्या कडेवर, समुद्राकडे पाठ करून. धक्क्यावरचा जुना माणूस असं कधी उभा राहत नाही.

"लाट!" पोस्टमन ओरडला.

लाट ओसरली तेव्हा कडेवर कुणीच नव्हतं. भाऊ खाली दोन खडकांच्या फटीत गटांगळ्या खात होता. दुसऱ्या लाटेने त्याचं डोकं खडकावर आपटलं. "ताई!"

मोठा मासा वर घ्यायची लांब दांड्याची आकडी आत्याने उचलली, आणि क्षणभर ती हलली नाही. पोस्टमन तिच्याकडे बघतच राहिला. मग ती कडेवर पालथी पडली आणि आकडी खाली घातली. सदरा टर्रकन फाटला. दुसऱ्यांदा तिने आकडी सरळ खांद्याखालच्या मांसात रुतवली. भाऊ गुरासारखा किंचाळला.

"ओरड, मेल्या! ओरडतोयस तोवर जिवंत आहेस!"

पोस्टमनने तिचे पाय धरले. लाटांनी तिघांनाही झोडपलं, तरी तिने आकडी सोडली नाही. वर आल्यावर भाऊ पाणी ओकत म्हणाला, "तिला पाठव ग, ताई."

आत्याने पोस्टमनला रिक्षा आणायला धाडलं.

घरी कुलूप काढताच भावजयीने विचारलं, "वन्सं, हे रक्त कुणाचं?"

"थोडं माझं, बाकीचं तुझ्या नवऱ्याचं. बुडत होता, मी ओढून काढला. इस्पितळात टाके घालतायत. तुला बोलावतोय."

"का काढलात?"

"माझा भाऊ आहे." आत्या भिंतीला टेकून खाली बसली. "पण तो माझा भाऊ आहे म्हणून तू जायचं, असं नाही."

भावजयीने दाराला आतून कडी घातली आणि ओला पंचा घेऊन आत्याचा ओठ पुसायला बसली.