चढाखाली ठेवलेली फोर-व्हील ड्राइव्ह

माझ्या छोट्या भन्नाट गाडीचा सगळा जोर पुढच्या चाकांत. पावसाळ्यात पावस गावातल्या माझ्या बागेचा चढ ती रिव्हर्समध्येच चढते, आणि माझी मान आता मागे वळत नाही. म्हणून सेकंडहँड फोर-व्हील ड्राइव्ह बघायचं ठरवलं.

विकणारा गृहस्थ गाडी चढाखाली ठेवून चालत वर आला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. बोलताना तो रुमालाने सारखी किल्ली पुसत होता. विशीत मी असल्याच टापटिपीवर भाळून लग्नाला उभी राहिले होते, बावळट!

"गाडी वर आणा की."

"आजी, जांभ्या दगडावर शेवाळ आहे हो. घसरेल उगाच."

"मग मी ती घेऊ कशाला?"

तो पुन्हा किल्ली पुसू लागला.

चहा पाजून त्याला वाटेला लावलं आणि मानेला तेल चोळायला बसले.