घड्याळाखालचं सहावं मशीन

शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात मास्तरांची सव्वीस वर्षं गेली. बटणं लावण्यापासून सुरुवात करून ते आठ मशिनांच्या रांगेचे प्रमुख झाले. एवढ्या वर्षांत त्यांनी दोनच गोष्टी कमावल्या, एक पाठीचं दुखणं आणि दुसरं भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ बक्षिसाचं होतं. तीन महिन्यांपूर्वी मास्तरांनी कटिंगच्या टेबलावरचा वेळ वाचवायची एक युक्ती काढली. मालक खूश झाले, आणि ते घड्याळ सगळ्यांदेखत रांगेच्या डोक्यावर टांगलं गेलं. तेव्हापासून लोक त्यांना पाठीमागे ‘घड्याळमास्तर’ म्हणायचे. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर फारसं टोचतही नव्हतं.

त्या शुक्रवारी मात्र तेच घड्याळ त्यांच्यावर डोळे वटारून होतं.

रांगेतून दिवसाला दोनशे ऐंशी शर्ट निघायला हवे होते, निघत होते जेमतेम दोनशे दहा. सकाळी आठलाच मालकांनी मास्तरांच्या हातात एक कोरा कागद ठेवला.

“रांग एका माणसापाशी अडतेय. पाचपर्यंत त्याचं नाव लिहून द्या. सोमवारी तिथं दुसरं कुणी बसेल.”

कुठं अडतेय ते सगळ्यांनाच दिसत होतं. सहाव्या मशीनवर, नेमक्या घड्याळाखाली, ताई कॉलर बसवायच्या. त्यांच्या डाव्या हाताला कामाचा ढीग छातीपर्यंत चढलेला असायचा, आणि पुढचे काजवाला आणि बटणवाला माश्या मारत बसायचे. पंचाईत अशी, की ताई म्हणजे मास्तरांच्या बायकोची थोरली बहीण. आठ वर्षांपूर्वी ताईंचे यजमान गेले, तेव्हा मास्तरांनीच शब्द टाकून त्यांना इथं लावून घेतलं होतं.

कागदाची बातमी पहिल्या मशीनपासून आठव्यापर्यंत पोचायला शर्टाइतका वेळ लागला नाही.

“मास्तर, ताईंचं नाव लिहू नका हां,” बटणवाला दोरा ओवत म्हणाला. “घरी ताट मिळायचं नाही.” रांग हसली. मग तो तितक्याच गोडीनं म्हणाला, “आणि आमच्यापैकी कुणाचं लिहिलंत, तर ते का लिहिलं हे आम्हीच सांगू सगळ्यांना.”

आता कुणी हसलं नाही.

मास्तरांनी त्यांना येत होतं ते केलं, म्हणजे ताईंच्या मागं जाऊन उभे राहिले.

“ताई, जरा हात उचला.”

“उचलतेय की. दोनच आहेत.”

मागं माणूस उभा राहिला की हात चालत नाही, चुकतो. तीन कॉलर तिरक्या बसल्या, त्या उसवाव्या लागल्या. बारा वाजता मोजले तर नव्वद शर्ट. रोजच्यापेक्षाही कमी.

जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. तिला कुणी कळवलं देव जाणे.

“कुणाचंही नाव लिहा,” ती म्हणाली, “पण संध्याकाळी घरी तोंड दाखवता येईल असं लिहा.”

मास्तरांनी डबा तसाच झाकून ठेवला आणि सहाव्या मशीनपाशी आले. ताई नुकत्या हात धुऊन आल्या होत्या.

“सरका. मी दाखवतो कॉलर कशी बसवायची.”

ताई उठल्या. मास्तरांनी ढिगातला पहिला शर्ट घेतला, कॉलर उचलली आणि थबकले. मध्य कुठं आहे? कॉलर दुमडली, नखानं खूण केली. मग गळा दुमडला, तिथंही नख दाबलं. दोन्ही जुळवायला जावं तर नखाची खूण पुसलेली. चार मिनिटं गेली आणि कॉलर डावीकडं झुकली. दुसरी उजवीकडं गेली, तेवढाच समतोल.

पूर्वी कटिंगच्या टेबलावरच कॉलरच्या मध्यावर आणि गळ्याच्या मध्यावर कातरीनं बारीकशी खाच मारलेली असायची. खाचेला खाच लावायची आणि शिवत सुटायचं. त्या खाचा बंद करणं, हीच मास्तरांची बक्षीस मिळालेली युक्ती. टेबलावर दिवसाचा अर्धा तास वाचला होता. तो गेला कुठं, ते आता त्यांच्या पुढ्यात ढीग होऊन बसलं होतं.

“पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मी,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, मुरलेल्या माणसाला नजरेनं मध्य कळतो.”

मास्तरांनी वर पाहिलं. घड्याळात साडेबारा.

एक मोह झाला, नाही असं नाही. खाचा गुपचूप सुरू कराव्यात, त्यालाच नवी युक्ती म्हणावं, कदाचित दुसरं घड्याळही मिळेल. पण कागद कोराच होता, आणि त्यावर कुणाचं तरी नाव पडणारच होतं.

ते तडक कटिंगच्या टेबलाकडं गेले. “खाचा मारा. कापून झालेल्या मालालाही.”

कटिंगवाल्यानं कातर खाली ठेवली. “तुम्हीच बंद करायला लावल्या होत्या.”

“हो. मीच.”

दीड वाजल्यापासून खाचेचा माल सहाव्या मशीनवर यायला लागला. मास्तर या खेपेला ताईंच्या मागं उभे राहिले नाहीत, टेबलावर कातर घेऊन बसले. तीन वाजता ढीग ताईंच्या कमरेला आला. चारला बटणवाल्यानं टोमणे थांबवले, कारण त्याला मान वर करायला सवड उरली नव्हती. शेवटच्या तासाला छत्तीस शर्ट निघाले. पण सकाळ वाया गेली होती ती गेलीच. पाच वाजता आकडा दोनशे एकतीस.

मालक आले. “दोनशे ऐंशीच्या जवळपासही नाही. नाव?”

मास्तरांनी कागद पुढं केला. त्यावर दोन ओळी होत्या: कॉलरच्या खाचा मी बंद केल्या. रांग त्यामुळे अडली. खाली सही.

मालकांनी तो दोनदा वाचला, मग घड्याळाकडं पाहिलं. “हे लेखी देताय?”

“तुम्ही नाव मागितलं होतं. शेवटचा तास बघा, छत्तीस आहेत. या वेगानं दिवसाचे दोनशे ऐंशी होतात.”

आठही मशिनं बंद होती. मालकांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

“सहाव्यावर ताईच बसतील. सोमवारी दोनशे ऐंशी झाले नाहीत, तर हा कागद मी वापरीन.”

ते गेल्यावर मास्तरांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि घड्याळ उतरवायला हात घातला.

“राहू द्या ते,” ताई मशीनवर कापड टाकत म्हणाल्या. “सोमवारी लागेल.”