झाडांचं खातं

आमच्या घरात डिपार्टमेंट हा शब्द नव्हता. वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, आणि त्यांच्या लेखी जगात जे काही होतं ते खातंच. मी मॅट्रिक झाले तेव्हा चाळीतला जो तो आपापल्या आवडत्या कॉलेजच्या घुमटाची नि जिन्याची टिमकी वाजवू लागला. वडिलांना कॉलेज म्हणजेही गिरणच; ते एवढंच म्हणाले, "गिरण कित्याक बघतंस? खातां बघ."

मला झाडांचं शास्त्र शिकायचं होतं, तेही गिरगावापुढच्या कॉलेजात. का, ते आज नीट सांगता यायचं नाही. गॅलरीतल्या डब्यातल्या मिरचीला फूल आलं की मी शाळेची वेळ विसरायची, एवढं आठवतं. आईला मात्र दादरपलीकडचं जवळचं कॉलेज हवं होतं. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. फोर्टात गोळीबार झालेला, कर्फ्यू कधी लागेल याचा नेम नाही, आणि पोरगी रोज तिथवर जाणार, हे तिला पटेना. जवळचं घे, नाहीतर घरी बस, असं तिने बजावलं. मी रुसून ताटावरून उठले.

वडिलांनी रजा टाकली आणि मला घेऊन दोन्हीकडची खाती बघायला निघाले. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान केव्हाच गेले होते. साचेवाले एकमेकांशी नुसत्या ओठांनी बोलत, आणि घरी मीही त्यांच्याशी तशीच, आवाज न करता बोलायची. जवळच्या कॉलेजात ते वर्गाच्या दाराशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, इथे एकट्या मास्तरांचेच ओठ हलतात.

दुसऱ्या दिवशी ट्रामने भायखळ्यावरून गेलो. पिवळं ऊन, ट्राम आपली डुलत चाललेली, आणि मला वाटत होतं, ही कधी पोचूच नये, म्हणजे वडिलांचा नकार ऐकायला नको. कॉलेजात वडिलांनी शिपायाला झाडांचं खातं विचारलं. त्या शहाण्याने आम्हाला नेऊन माळ्यापुढे उभं केलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माळी पोट धरून हसला, पण वर्गाच्या मागच्या खिडकीशी त्यानेच नेलं. आत टेबलांवर फांद्या पसरलेल्या. मास्तर विचारत होते, पोरं सांगत होती, एक मुलगी तर चक्क हुज्जत घालत होती. वडील काचेला नाक लावून उभे. वरून बकुळीची फुलं पडत होती, त्यांच्या टोपीवर, माझ्या वेणीवर. ती दुपार माझ्या मनात अजून संपलेली नाही.

घरी त्यांनी आईला सांगितलं, तिथे पोरांचेही ओठ हलतात. ओठ हलवायला मोर्चे काय कमी आहेत, असं ती फणकारली. पण सकाळी तिने कॉलेजात न्यायला माझा जेवणाचा डबा घासून ठेवला होता.

कॉलेज सुरू झालं. एकदा मास्तरांनी कडुनिंबाची डहाळी माझ्यापुढे धरली आणि एका देठावरची पानं दाखवून विचारलं, ही पानं किती? मी उभी राहिले. इंग्रजी लटपटत होतं. कसंबसं उत्तर दिलं, आणि मास्तर हसले.

त्या रात्री जेवताना वडील माझ्याकडेच बघत होते.

"मी आज त्या मागच्या खिडकीत होतंय," ते म्हणाले. "तुझे ओठ हलले, ता बघलंय. काय बोललंस, ता माका कळूक नाय."

मी घास ताटात ठेवला. मग ते उत्तर मी त्यांना मराठीत, आवाज न करता, पुन्हा दिलं. दिसायला पुष्कळ, पण सगळी मिळून ते एकच पान आहे.