डोलकाठीमागच्या मामी

“धरलं!” मामी अशा ओरडायच्या की अख्ख्या बंदराला ऐकू जाई. साठी उलटलेली बाई, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी आणि हातात शिडाच्या बोटीचा दोर. पोहता येत नव्हतं, बरं का!

ही २००५च्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याहून आलेला, चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात इंजिनिअर, आणि रविवारी मामा-मामींच्या बोटीवर बिनपगारी खलाशी. मामी तंजावरकडच्या मराठी घरातल्या, बोलण्याला तमिळ हेल. मी बोटीवरही बूट घालायचो. “कारखान्यातून सरळ आलास काय रे?” त्या चिडवायच्या.

डोलकाठीला मागून धरून ठेवणारे दोन दोर होते, डावा आणि उजवा. वारा ज्या बाजूचा, तिकडचा ताणलेला. दुसरा सैल, नाहीतर शीड त्यावर आदळतं. बोट वळली की अदलाबदल. मामा सुकाणूवर. ते शीड मध्यावर आणायचे, मामी नवा दोर आवळून “धरलं!” म्हणायच्या, मामा “सरि!” म्हणजे “ठीक” म्हणायचे, आणि मगच मामी जुना सोडायच्या नि मामा सुकाणू फिरवायचे. हा क्रम चुकला तर जोराच्या वाऱ्यात डोलकाठी मोडायचीच.

एकदा एन्नोर बंदरासमोर वारा चढला होता. नवा दोर गुंत्यात अडकला. मामींनी तोंडही उघडलं नव्हतं, तोवर मामांनी “सरि!” म्हणून सुकाणू फिरवलंसुद्धा. शीड धाडकन पलीकडे गेलं, डोलकाठी करकरली. मामींनी उघड्या हातांनी नवा दोर खेचून धरला. तळवे सोलवटले.

“इंजिनच्या आवाजात मला ‘धरलं’ ऐकू आलंसं वाटलं,” मामा म्हणाले. इंजिन बंद होतं.

मी काही बोलणार, तोच मामींनी डोळे वटारले. धक्क्यावर उतरल्यावर मला बाजूला घेतलं. “त्यांना ऐकायला येत नाही, मला ठाऊक आहे. उघड बोललास तर सुकाणू सोडतील. मग घरी बसून काय करतील, सांग? बोलू नकोस, कण्णा.” कण्णा म्हणजे बाळा.

पुढच्या रविवारपासून त्या सुकाणूला खेटून बसू लागल्या. दोर ताणला की “धरलं!” ही आरोळी होतीच, पण त्याच क्षणी त्यांचा अनवाणी पाय मामांचा पाय दाबायचा. मामा खणखणीत “सरि!” म्हणायचे. मामांना त्यातलं काही कळत नव्हतं? अहो, कळल्याशिवाय का! पण विचारायची छाती कुणाची?

मामा गेले आणि बोट विकायची ठरली. गिऱ्हाइकाकडे ती पोचवायला आम्ही दोघंच निघालो, मी सुकाणूवर, मामी दोरावर. पहिलं वळण आलं. मामींनी दोर आवळला, “धरलं!” ओरडल्या, आणि त्यांच्या पायाने माझा बूट दाबला.

“अय्यो! तुला ऐकायला येतंय की,” म्हणत त्यांनी पाय झटकन मागे घेतला.

“सरि,” मी म्हणालो. त्यांनी जुना दोर सोडला, बोट वळली.

पुढच्या वळणाआधी मी बूट काढून ठेवले.